‘सॉरी म्हण’च्या पुढे: ख्रिस्ती घरात मुलांना क्षमा आणि आशा शिकवताना

बहुतेक ख्रिस्ती घरांत रात्रीची प्रार्थना होते. प्रभूची प्रार्थना मुलांना चौथ्या-पाचव्या वर्षीच तोंडपाठ असते आणि तिच्यातली क्षमेची ओळ रोज म्हटली जाते. त्याच घरात दुपारी भावंडांची जुंपली की मिटवायची पद्धत मात्र ठरलेली. “तिला सॉरी म्हण.” “सॉरी.” “झालं? जा आता खेळायला.” अर्ध्या मिनिटात प्रकरण बंद. ज्याने मारलं त्याला आपलं काय चुकलं ते कळलेलं नसतं, जिला लागलं तिचा राग जागच्या जागी असतो. दोघांना एकच गोष्ट पक्की कळते: सॉरी हा मोठ्यांच्या तावडीतून सुटायचा शब्द आहे.

शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, वर्षानुवर्षं मुलांसोबत बसून माझं मत पक्कं झालं आहे. नुसती वचनं पाठ करून क्षमा येत नाही. घरात तिचा एक क्रम रुळावा लागतो: आधी खरं बोलणं, मग क्षमा मागणं आणि देणं, आणि जे बिघडलं ते जमेल तेवढं भरून देणं. आशाही इथूनच उगवते. चुकल्यावरही आपली घरातली जागा जात नाही हे ज्या मुलाने अनुभवलं, ते उद्याला कमी घाबरतं. पुढे लिहिलं आहे ते साधारण चार ते सोळा वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांसाठी. तुम्ही प्रोटेस्टंट असा की कॅथलिक, घरातलं काम सारखंच आहे.

पहिली पायरी: मुलाच्या मनातला देव कसा आहे ते पाहा

“येशू वरून बघतोय हं!” हे वाक्य आपण सहज वापरतो. मूल जेवत नाही, खोटं बोलतं, झोपत नाही, की देवाला बोलावून आणतो. मुलाच्या दृष्टीने मग येशू आणि बागुलबुवा एकाच कामावर नेमलेले असतात. असं मूल चूक झाल्यावर देवाकडे जाणार नाही, देवापासून लपेल. एदेन बागेत आदामाने नेमकं तेच केलं होतं.

आठवडाभर स्वतःच्या बोलण्याकडे लक्ष द्या. देवाचं नाव घरात कधी कधी निघतं? फक्त दटावताना निघत असेल, तर तिथून सुरुवात करा. “असं वागलास तर देवाला आवडणार नाहीस” हे वाक्य पूर्णपणे बंद करा, कारण ते खरंच नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायात, वाटा उडवून डुकरं राखायची वेळ आल्यावर घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्राचा बाप मुलाला दुरून पाहतो आणि धावत जातो. मुलाने पाठ केलेली माफीची वाक्यं अजून पुरी बोलून व्हायची असतात, तोच बाप झगा, अंगठी आणि पायताण आणायला सांगतो. ही गोष्ट मुलांना सांगताना डुकरांच्या शेंगांवर फार रेंगाळू नका. बाप धावला, हे सांगा. त्या काळातला वयस्क, प्रतिष्ठित माणूस चारचौघांत असा धावत सुटत नसे, हेही सांगा. सात वर्षांच्या मुलाला ते लगेच समजतं.

“तू वाईट आहेस” आणि “तू हे वाईट केलंस” यांतला फरकही पाळा. रागाच्या भरात तो पाळणं अवघड जातं, पण मुलाने स्वतःवर वाईटपणाचा शिक्का मारून घेतला की सुधारायचं कशासाठी, हा प्रश्न त्याला पडतो आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे नसतं.

दुसरी पायरी: कौटुंबिक उपासनेत क्षमेला जागा द्या

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे सांगतो की ही वचनं घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोलत राहा. म्हणजे धर्मशिक्षण दिवसभरात विखुरलेलं हवं. तरी दिवसात एक ठरलेली वेळ असली की बाकीच्याला आधार मिळतो. रात्रीच्या जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं पुरतात. त्याहून लांबवलं तर लहानगी पेंगतात आणि मोठी घड्याळ बघतात.

क्रम साधा ठेवा. एखादं गीत. शुभवर्तमानातला छोटा भाग, शक्यतो आठवडाभर एकच गोष्ट थोडी थोडी करून. मग प्रत्येकाने आजच्या एका गोष्टीसाठी उपकार मानायचे. त्यानंतर एक प्रश्न: “आज कुणाशी बिनसलं का?” इथे पहिलं उत्तर आईने किंवा वडिलांनी द्यायचं. “आज दुकानात त्या मुलावर मी उगाच खेकसलो. उद्या त्याच्याशी बोलेन.” एवढं पुरे. मुलांना जबरदस्तीने बोलतं करू नका. पहिले काही दिवस ती गप्प बसतील. आईबाप खरंच बोलतायत हे दिसलं की एखाद्या रात्री धाकटं म्हणतं, “मी पण आज डब्यावरून भांडलो.” शेवटी प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा आणि क्षमेच्या ओळीपाशी दोन श्वास थांबा.

एक सवय मात्र मोडायलाच हवी. प्रार्थनेतून बोलणी खायला घालणं! “हे प्रभू, आमच्या मुलाला सुबुद्धी दे, तो अभ्यास करत नाही, मोबाईल सोडत नाही, आईला उलटून बोलतो…” डोळे मिटलेले असले तरी मुलाला कळतं की हे देवाशी चाललेलं नाही, आपल्याला ऐकवणं चाललंय, आणि मध्ये बोलायची सोयही नाही. अशा प्रार्थनेनंतर मूल उपासनेला बसायचं टाळू लागतं आणि आपण त्याला अश्रद्ध ठरवून मोकळे होतो. मुलाबद्दलची तक्रार मुलाशी बोला. देवासमोर मुलासाठी उपकार माना आणि त्याला ऐकू जाईल असे माना.

इफिसकरांस पत्रात पौल म्हणतो की सूर्य मावळण्यापूर्वी राग शमावा. याचा अर्थ झोपण्यापूर्वी प्रत्येक भांडण मिटलंच पाहिजे असा घेतला, तर रात्री दहा वाजता दमलेल्या मुलांवर खोटा समेट लादला जातो. माझ्या मते “मी अजून रागावलेय, पण तुझं वाईट व्हावं असं मला वाटत नाही” इथवर मूल आलं, तरी त्या रात्रीपुरतं ते पुष्कळ झालं.

तिसरी पायरी: क्षमा मागायला शिकवा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. एक प्रसंग घेऊ. थोरली सहावीत आहे. तिच्या चित्रकलेच्या वहीतल्या मोरावर तिसरीतल्या धाकट्याने स्केचपेनने रेघोट्या ओढल्या. रडारड झाली. आई दोघांना वेगळं करते आणि धाकट्याला घेऊन खाली जमिनीवर बसते, म्हणजे दोघांचे डोळे एका पातळीत येतात.

“काय झालं ते सांग.”

“तिने मला रंग दिले नाहीत.”

“ते आपण नंतर बोलू. वहीचं काय झालं?”

“रेघोट्या मारल्या.”

“कुणी?”

“…मी.”

“कशावर?”

“ताईच्या मोरावर.”

“तो काढायला ताईला किती वेळ लागला होता?”

इथे मूल थांबतं. थांबू द्या. “रविवारी दिवसभर,” ते हळूच म्हणतं. आतापर्यंत त्याला फक्त स्वतःचा राग दिसत होता. ताईचा रविवार त्याला आत्ता दिसला.

“मग आता काय करता येईल?” हा पुढचा प्रश्न. खोडरबर, असं तो म्हणेल. स्केचपेन खोडरबरने जात नाही हे त्यालाच करून बघू द्या. मग नवीन कागदाला समास आखून देतो, माझी नवी रंगपेटी दोन दिवस तिला देतो, असं काहीतरी त्याच्याच डोक्यातून निघेल. ते निघेपर्यंत आपण सुचवायचं नाही. त्यानंतर तो ताईकडे जातो आणि चार गोष्टी बोलतो: मी काय केलं, तुझं काय नुकसान झालं, मी काय भरून देतो, मला क्षमा करशील का. या चारांत ‘पण’ हा शब्द येता कामा नये. “सॉरी, पण तूच रंग दिले नाहीस” म्हटलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

रंग न देण्याची गोष्ट विसरायची नाही. ती थोरलीशी वेगळी, त्याच संध्याकाळी बोलायची. दोन चुका एकमेकींत मिसळल्या की प्रत्येक मूल दुसऱ्याच्या चुकीआड लपतं.

भरपाईचा भाग आपल्याकडे बऱ्याचदा गळतो. जकातदार जक्कयाची गोष्ट मुलांना आवडते, कारण तो बुटका आणि झाडावर चढलेला. पण गोष्टीचा शेवट नीट वाचा. ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देतो, असं तो आपण होऊन म्हणतो. येशूने त्याच्याकडे ते मागितलेलं नव्हतं. आधी येशू त्याच्या घरी उतरायला तयार झाला, परतफेड त्यानंतर आली. घरातही हाच क्रम हवा. “आधी भरून दे, मग तुझ्याशी बोलेन” असं आईबापांनी म्हणायचं नाही.

चार वर्षांच्या आतल्या मुलाकडून शब्दांची अपेक्षा ठेवू नका. त्याला हाताने काहीतरी करू द्या: सांडलेलं पाणी पुसणं, पडलेल्या भावाला पाणी आणून देणं. शब्द मागाहून येतात.

कॅथलिक घरांत प्रथम कम्युनिअनच्या आधी मुलं पहिल्यांदा पापनिवेदनाला जातात. घरी आल्यावर “फादरना काय सांगितलंस?” असं विचारू नका, हसत हसतसुद्धा नको. ते गुपित धर्मगुरूही कुणाला सांगू शकत नाहीत. घरातच ते उकरून काढलं तर मुलाचा त्या संस्कारावरचा भरवसा उडतो.

चौथी पायरी: क्षमा करायला शिकवा, पण घाई नको

वरच्या प्रसंगात थोरली म्हणाली, “मला अजून राग आहे,” तर आईने काय म्हणावं? “बरोबर आहे. राग उतरला की सांग.” बस. “तू मोठी आहेस ना, येशूने वधस्तंभावर क्षमा केली आणि तुला एक चित्र सोडवत नाही?” असं म्हटलं की दुखावलेलं मूलच अपराधी ठरतं. थोरल्या मुलींच्या वाट्याला हे फार येतं.

योसेफाची गोष्ट या कामाला फार उपयोगी पडते. भावांनी त्याला विकलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. फारोसमोर उभा राहिला तेव्हा तिशीचा. त्यानंतर सुकाळाची सात आणि दुष्काळाची दोन वर्षं गेल्यावर त्याने भावांना आपली ओळख दिली. म्हणजे मध्ये साधारण बावीस वर्षं गेली. एवढं होऊनही त्याने लगेच मिठी मारली नाही. भाऊ बदललेत का, धाकट्या बन्यामीनालाही ते तसेच टाकून जातील का, हे त्याने आधी पाहिलं. यहूदा बन्यामीनाच्या जागी स्वतः गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हा योसेफ मोठ्याने रडला. मोठ्या मुलांना हे वाचून दाखवा आणि विचारा, योसेफाने भावांना का पारखलं असेल? क्षमा करणं आणि पुन्हा विश्वास टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलंच बोलून दाखवतात.

दहा वर्षांपुढच्या मुलांसोबत मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकराचा दाखला कागद-पेन्सिल घेऊन करा. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार. सोयीसाठी रोजची मजुरी ५०० रुपये धरा. राजाने माफ केलेलं दहा हजार तालांतांचं कर्ज म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी, ३,००० कोटी रुपये. वर्षाला ३०० दिवस राबला तरी फेडायला दोन लाख वर्षं लागतील. मुलं हा आकडा पुन्हा पुन्हा तपासतात. मग त्याच चाकराने आपल्या सोबत्याला न सोडलेलं कर्ज मांडा: शंभर दिनार, म्हणजे ५०,००० रुपये.

इथे थांबून विचारा, “५०,००० म्हणजे काहीच नाही का?” मजुराच्या घरात ती चार महिन्यांची कमाई आहे. दाखल्यातला हा बारकावा उपदेशांतून बऱ्याचदा निसटतो. तुझं दुखणं किरकोळ आहे असं येशू म्हणत नाही. ते खरं कर्ज आहे, मोजून दाखवता येईल एवढं. ते सोडायची ताकद आपल्याला मिळालेल्या त्याहून कितीतरी मोठ्या माफीतून येते. ज्या मुलाचं दुखणं आधी कुणीतरी मोजलं, त्यालाच ते सोडता येतं.

पाचवी पायरी: परिणाम राहू द्या, हिशेब फाडून टाका

आठवीतल्या मुलाने आईच्या पर्समधून २०० रुपये घेतले आणि विचारल्यावर नाही म्हणाला. दोन दिवसांनी खरं बाहेर आलं. माफ केलं तर शिक्षा कशाला आणि शिक्षा केली तर माफी कुठली, अशा पेचात आईबाप अडकतात. पेच खरं तर नाही. “तुला आम्ही क्षमा केली आहे. पैसे मात्र तू परत देशील, दर आठवड्याच्या खाऊच्या पैशांतून.” ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता येतात. परिणाम आधी ठरलेला, चुकीला साजेसा आणि संपणारा असावा. चोरीबद्दल महिनाभर क्रिकेट बंद, यात मुलाला काही संबंध सापडत नाही.

मारण्याबद्दल स्पष्ट लिहितो. छडी आवरणारा मुलावर प्रीती करत नाही, हे नीतिसूत्रातलं वचन आपल्याकडे मारायला परवाना म्हणून वापरलं गेलं आहे. पण स्तोत्र २३ मध्ये मेंढपाळाची काठी आणि आकडी धीर देतात असं म्हटलं आहे. मेंढपाळ त्यांनी कळप वळवतो आणि लांडग्याला हाकलतो. पौलाने बापांना दोनदा बजावलं आहे की मुलांना चिडीस आणू नका, ती खिन्न होतील. मार खाल्लेलं मूल आपल्या चुकीचा विचार करत नाही, मारणाऱ्या हाताचा करतं. ख्रिस्ती घरात मारणं नसावं असं माझं ठाम मत आहे.

दुसरी बाजू याहून अवघड आहे. पैसे फिटले की विषय संपला. सहा महिन्यांनी पाहुण्यांसमोर “याच्यापासून पर्स जपून ठेवा हं” असा विनोदही नको. प्रीती अपकार स्मरत नाही, हे करिंथकरांस पत्रातलं वाक्य लग्नांत फार वाचलं जातं. त्याची खरी परीक्षा दहावीच्या निकालाच्या दिवशी होते, जेव्हा जुनं सगळं उकरून काढायचा मोह होतो.

सहावी पायरी: मोठ्यांची भांडणं

आईबापांनी मुलाची क्षमा मागावी का? मागावी, आणि वर सांगितलेल्या त्याच चार वाक्यांत. “मी तुझ्यावर ओरडलो. तुझ्या मित्रांसमोर तुला लाज वाटली. पुढे काही बोलायचं असेल तर आत बोलावून बोलेन. मला क्षमा करशील?” यात वडिलांचा मान जात नाही. क्षमा मागणं हे लहान आणि दुबळ्यांचं काम नाही, हे मुलाला दुसऱ्या कुठल्याही मार्गाने पटत नाही.

आपल्या घरांतला मोठा अडसर वेगळाच आहे. बांधावरून, घराच्या वाटणीवरून, कधी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, निवडणुकीवरून वडील आणि काका वर्षानुवर्षं बोलत नाहीत. दोघे एकाच देवळात वेगवेगळ्या बाकांवर बसतात, प्रभुभोजनात एकाच प्यालात सहभागी होतात. मुलं हे बघत मोठी होतात. वेदीवर अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर, असं येशू सांगतो. वाद कोर्टात असेल तर तो लगेच सुटणार नाही. पण काकाच्या घरी आजारपण आलं तर मुलाला सोबत घेऊन भेटायला जाता येतं, घरात काकाचं नाव नीट घेता येतं, चुलतभावंडांना एकमेकांकडे जाऊ देता येतं. पौलही “शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं” असंच म्हणतो. समोरचा हात पुढे करत नाही हे मुलाने पाहिलं तरी चालेल. आपला हात पुढे होता, हे त्याने पाहिलेलं असावं.

कुठे क्षमेचा विषय काढायचा नाही

मुलाच्या अंगाला कुणी नको तसा हात लावला, धमकावून गुपित ठेवायला सांगितलं, तर त्या वेळी क्षमेचा शब्दही उच्चारू नका. करणारा नातेवाईक असो, शिक्षक असो, नाहीतर मंडळीतला मानाचा माणूस असो. मुलाला तीन गोष्टी सांगा: तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काहीही चूक नाही, मी हे थांबवणार आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून लागू आहे आणि असा गुन्हा माहीत असूनही पोलिसांना न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे. “मंडळीची बदनामी होईल, आपसात मिटवा” असं सांगणारे भेटतील. लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणं बरं, हे शब्द येशूचे आहेत, आणि ते त्याच मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहेत.

शाळेत धर्मावरून, जातीवरून होणारी चेष्टा हाही असाच विषय. “बाटगे” हा शब्द ऐकून मूल घरी आलं तर लगेच दुसरा गाल दाखवू नका. शिक्षकांना भेटा, गरज पडली तर लेखी द्या. मोठ्या मुलांना ग्लॅडिस स्टेन्स यांच्याबद्दल सांगा. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर इथे त्यांचे पती ग्रॅहॅम आणि दोन लहान मुलगे गाडीत झोपले असताना जमावाने गाडी पेटवली. मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं त्यांनी जाहीरपणे सांगितलं आणि शाळकरी मुलीसह त्या ओडिशातल्याच बारीपदा इथे राहून कुष्ठरुग्णांचं काम करत राहिल्या. खटला मात्र थांबला नाही. तो चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. क्षमा आणि न्याय एकाच वेळी उभे राहिले.

सातवी पायरी: आशेला खऱ्या शब्दांत बोलू द्या

“देव सगळं ठीक करील” हे मुलाला सांगायला सोपं असतं. पण आजी बरी झाली नाही, बाबांची नोकरी परत मिळाली नाही, की मूल एकतर देवाला खोटं ठरवतं, नाहीतर आपलीच प्रार्थना कमी पडली असं समजतं. दुसरं अधिक घातक. आशा वचन दिलेल्या देवावर ठेवायची असते, आपण मागितलेल्या निकालावर नाही. हे वाक्य मुलाला नुसतं सांगून उमगत नाही, म्हणून स्तोत्रांकडे वळा. तेरावं स्तोत्र “हे परमेश्वरा, कोठवर?” अशा तक्रारीने सुरू होतं आणि सहाव्या ओवीत गाण्यावर संपतं. मुलाला आपली तक्रार तशीच लिहू द्या. देवाशी भांडायची परवानगी बायबलनेच दिलेली आहे.

घरात मृत्यू झाला तर “देवाला आवडली म्हणून नेलं” असं म्हणू नका. पाच वर्षांचं मूल रात्री झोपताना विचार करतं, मीही देवाला आवडतो ना? “आजीचं शरीर फार थकलं होतं, ती मेली. आपल्याला फार वाईट वाटतंय. येशू मेलेल्यांतून उठला, म्हणून आपण आजीला पुन्हा भेटू असा आपला विश्वास आहे.” रडणं हा अविश्वास नाही. लाजराच्या कबरेकडे जाताना, थोड्याच वेळात त्याला उठवणार हे ठाऊक असताना, येशू रडला. मुलाला कबरस्तानात न्या. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, वसईत कुटुंबं कबरी झाडूनपुसून फुलं आणि मेणबत्त्या लावतात. मुलांनी ते आपल्या हाताने करावं.

नापास होणं, स्पर्धेत हरणं, मित्र तुटणं यांसाठी येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट घ्या. योहानाने लिहिताना एक खूण ठेवली आहे. पेत्राने येशूला नाकारलं तेव्हा तो कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर गालील सरोवराच्या काठी येशू न्याहारी घेऊन बसला, तिथेही कोळशाचाच विस्तव होता. तीनदा नाकारलेल्या माणसाला तीनदा विचारलं, “माझ्यावर प्रीती करतोस काय?” आणि प्रत्येक वेळी काम सोपवलं. मुलांना आधी फक्त पहिला विस्तव दाखवा आणि दुसरा त्यांना शोधायला सांगा. शब्बाथ शाळेत मुलं तो सापडल्यावर ओरडतात.

आशेला हातपाय असतात हे दाखवायला आपल्याकडे पंडिता रमाबाई आहेत. दुष्काळात उपासमारीने आईवडील आणि थोरली बहीण गेली. पुढे लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा पती गेले, मांडीवर मनोरमा. ही बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुलींना घेऊन आली आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. दुष्काळ काय असतो हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच ती गेली. शक्य असेल तर मुलांना केडगावला घेऊन जा.

घरात एक वही ठेवा. महिन्यातून एकदा तिच्यात लिहायचं: काय मागितलं, काय झालं. न मिळालेलंही लिहायचं, रिकामी जागा सोडून. यहोशवाने यार्देनेतून बारा धोंडे उचलून रचायला लावले ते पुढे मुलांनी “हे काय आहे?” असं विचारावं म्हणून. वहीही त्याच कामाची. चार-पाच वर्षांनी मूल स्वतःच मागची पानं उलटतं.

मूल चर्चला यायचं नाही म्हणालं तर

चौदा-पंधराव्या वर्षी हे बऱ्याच घरांत होतं. लगेच उपदेश सुरू करू नका आणि पाळकांना घरी बोलावू नका. कारण विचारा आणि पूर्ण ऐका. अनेकदा विश्वासाचा प्रश्नच नसतो. तरुण संघात कुणी हसलेलं असतं, किंवा व्यासपीठावरून गोड बोलणारा माणूस बाहेर कसा वागतो हे मुलाने पाहिलेलं असतं. ते खरं असेल तर खरं म्हणा, मंडळीची बाजू घेण्याच्या नादात खोटं बोलू नका. समोरासमोर बसवण्यापेक्षा गाडीवर मागे बसवून बाजाराला जाता-येता या वयाची मुलं जास्त बोलतात.

रविवारच्या उपासनेबद्दल घराचा जो नियम असेल तो सांगा, पण प्रभुभोजन आणि दृढीकरण (आपला विश्वास पक्का करण्याचा विधी) यांची सक्ती करू नका. मुलाने घेतलेला वेळ त्याचा असू द्या. घरातली रात्रीची प्रार्थना मात्र चालू ठेवा. तो खोलीत बसून राहिला तरी दार उघडं असेल एवढं पाहा आणि त्याचं नाव घेऊन उपकार मानणं थांबवू नका. आणि ज्या दिवशी तो सहज येऊन बसेल, त्या दिवशी “आज कशी आठवण झाली?” असं विचारू नका. गीताचं पुस्तक त्याच्याकडे सरकवा आणि कितवं गाणं घ्यायचं ते त्यालाच ठरवू द्या.